मोजलेले आणि मानलेले

शनिवारी दुपारी, पानांची जुळणी सुरू होण्यापूर्वी, नरहरी मोघे आमच्या कार्यालयाचा जिना चढून येत. वाराणसीतल्या एका हिंदी दैनिकाचे ते कार्यालय होते. मोघे माझ्या टेबलासमोर उभे राहत आणि मराठीत विचारत, "आज काही?"

'काही' म्हणजे बेवारस मृतदेहांच्या बातम्या. शहरातल्या आणि आसपासच्या ठाण्यांवरून त्या आठवडाभर येत आणि रविवारच्या अंकात आतल्या पानावर 'अज्ञात शव' या शीर्षकाखाली एकत्र छापल्या जात. अंदाजे वय, उंची, अंगावरचे कपडे, सापडल्याचे ठिकाण. त्या नीट करण्याचे काम माझ्याकडे होते. मी मजकूर पुढे करी. मोघे पहिल्या ओळीच्या डाव्या टोकावर बोट ठेवत, ते उजवीकडे नेत, ओळ संपली की खाली उतरून पुन्हा डावीकडून सुरू करत. एकही ओळ गाळत नसत. मजकूर एखाद्या स्त्रीच्या मृतदेहाचा असला तरी तोही पूर्ण वाचत. शेवटी कागद सरळ करून परत देत, "नाही" म्हणत आणि जिना उतरत.

"रविवारी छापून येतंच की," मी एकदा म्हणालो.

"जागा नसली की तुम्ही ओळी कापता," मोघे म्हणाले. "कापलेल्या ओळीत असला तर?"

आरोप खरा होता.

शेजारच्या टेबलावरचे त्रिपाठीजी त्यांना अनेक वर्षे पाहत होते. ते म्हणाले, "मास्टर साहब आप ही के मोहल्ले के हैं. भाई को ढूँढ़ते हैं."

मी नागपूरहून बदलून आलो होतो आणि दूधविनायक या जुन्या मराठी वस्तीतल्या एका गल्लीत खोली घेऊन राहत होतो. मोघ्यांचे घर तिथून हाकेच्या अंतरावर होते. घराण्यात वेदपाठाची परंपरा होती. नरहरी मोघे तेवढे तिच्यातून बाहेर पडले आणि भूगोल शिकवू लागले. गल्लीत त्यांना सगळे दादा म्हणत. विद्यापीठात ते मोघे सर होते. आमच्या कार्यालयात मात्र त्यांचे नाव कोणी घेत नसे. शनिवारी त्रिपाठीजी नुसते म्हणत, "आ रहे होंगे."

त्यांचे दुसरे रूप मला नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दिसले. पाटबंधारे खात्याच्या अभियंत्यांसाठी त्यांच्या विभागाने एक छोटा अभ्यासक्रम सुरू केला होता: उपग्रहाची चित्रे आणि संगणकावरचे नकाशे. पुराच्या दिवसांत उपयोगी पडेल म्हणून आमच्या संपादकांनी मला तिकडे पाठवले. "समझ के आइए, यह क्या बला है," एवढीच सूचना होती.

संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जावे लागे. आत वातानुकूलन होते, आणि मे महिन्यात विभागातले शिपाई, लिपिक, कधीकधी विभागप्रमुखसुद्धा काहीतरी विचारायच्या निमित्ताने तिथे येऊन बसत. यंत्रे तीन होती. त्यांतली दोन चालत. वीज गेली की सगळे पडदे एकदम काळे होत आणि मोघे जराही न थांबता भिंतीला टेकवलेली लाकडी चौकट उचलत.

ती जुन्या खिडकीची चौकट होती. चारही बाजूंना सारख्या अंतरावर खिळे ठोकलेले, आणि खिळ्यांना उभे-आडवे पांढरे दोरे ताणून बांधलेले. मोघे ती दर वेळी घरून रिक्षाने आणत आणि परत नेत. विभागात ठेवली तर तिच्यावर कोणीतरी पंचा वाळत घालतो, असा त्यांचा अनुभव होता.

पहिल्या दिवशी त्यांनी घाटांचे एक मोठे छायाचित्र टेबलावर पसरले आणि त्यावर चौकट ठेवली. ते हिंदीत शिकवत. इथे मराठीत देतो आहे.

"ह्याला रास्टर म्हणतात," ते म्हणाले. "चौकोनांची जाळी. नियम एकच. एका चौकोनात एकच आकडा. पाणी असेल तर एक, जमीन असेल तर दोन. संगणक चित्र बघत नाही. तो आकडे वाचतो, डावीकडून उजवीकडे, आणि ओळ संपली की खालची ओळ. आता हा चौकोन सांगा."

त्या चौकोनात भोसले घाटाच्या पायऱ्यांचा एक कोपरा होता, बाकी नदी, आणि नदीत एक नाव.

"पाणी जास्त आहे," एक अभियंता म्हणाला.

"मग एक लिहा."

"आणि नाव?"

"गेली."

"बुडाली, सर?" मागून कोणीतरी म्हणाले, आणि वर्ग हसला.

"बुडाली नाही," मोघे म्हणाले. ते हसले नाहीत. "नाव आहे, नावेत माणसं आहेत, नावाडी पैशावरून भांडतोही आहे. आपल्या चौकोनाला ती दिसली नाही, एवढंच. नकाशात नाही म्हणजे जगात नाही, असं ह्या खोलीत कोणी म्हणायचं नाही."

चौकोन लहान केला तर नाव दिसेल का, असे कोणीतरी विचारले. दिसेल, मोघे म्हणाले; पण चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोनांची संख्या चौपट होते, आणि मग हे यंत्र गणित करायला बसले की आपण घरी जाऊन जेवून, झोपून परत यावे. किती बारीक पाहायचे हे आधी ठरवावे लागते आणि त्यात जे निसटते ते निसटले म्हणून कबूल करावे लागते. त्यांचा सगळा अभ्यासक्रम या एका वाक्यात होता.

कोणीही एखादा आकडा सांगितला की त्यांचा प्रश्न ठरलेला असे: "मोजलंत की मानलंत?" हिंदीत ते "नापा कि माना?" म्हणत. शिपायाने "साहब अभी आते होंगे" म्हटले तरी हाच प्रश्न. विभागातली पोरे पाठीमागे त्यांना 'नापा-माना' म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होते.

ते रागावलेले मी एकदाच पाहिले. श्रीवास्तव नावाच्या एका अभियंत्याने जमिनीच्या उंचीचा नकाशा करून आणला होता. प्रत्येक चौकोनात त्या जागेची उंची. काही जागांची उंची खात्याकडे नव्हती. त्या चौकोनांत त्याने शून्य भरले. मग संगणकाला विचारले, पाऊस पडला तर पाणी कुठे जाईल. संगणकाने सगळे पाणी त्या शून्यांत नेऊन ओतले. शहराच्या मधोमध समुद्रसपाटीइतके खोल खड्डे पडले होते.

वर्ग हसला. श्रीवास्तवही हसला. "सर, माहीत नव्हतं म्हणून शून्य टाकलं. शून्य म्हणजे काही नाही."

"शून्य म्हणजे काही नाही असं कोणी सांगितलं?" मोघ्यांचा आवाज चढला. "शून्य हे उत्तर आहे. कोणीतरी तिथं गेलं, मोजलं आणि शून्य आलं. तुम्ही गेलात? तिथं लोक राहतात. तुम्हाला माहिती नाही म्हणून तुम्ही त्यांना खड्ड्यात घालणार?"

मोघे पाणी प्याले. मग नेहमीच्या आवाजात सांगितले, की जिथे मोजलेले नाही तिथे असा आकडा लिहायचा जो कधीच खरा असू शकत नाही. उणे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. आणि संगणकाला आधी बजावायचे की हा आकडा नाही, ही खूण आहे. इथे माहिती नाही. तो चौकोन पडद्यावर काळा दिसेल. दिसू द्यायचा. आणि ज्या बेरजेत असा एक चौकोन येईल तिचे उत्तरही 'माहिती नाही' असेच येईल. येऊ द्यायचे.

श्रीवास्तव जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "एक शून्य के लिए इतना?" मला उत्तर ठाऊक होते.

मोघ्यांचा धाकटा भाऊ वसंत रेल्वेत होता. एका सकाळी तो डबा घेऊन मुगलसरायला कामावर निघाला. कामावर पोचला नाही, आणि घरी परतला नाही. भांडण नव्हते, आजार नव्हता, चिठ्ठी नव्हती. त्याची बायको कुमुद तेव्हा बावीस वर्षांची होती. लग्नाला वर्ष व्हायचे होते. ती ग्वाल्हेरची. माहेरी आई-वडील उरले नव्हते, एक मामा होता. ती दूधविनायकलाच राहिली.

त्या घरी मी रविवारी जेवायला जाऊ लागलो. मोघ्यांच्या पत्नी सुधावहिनींना मराठी बोलणारा माणूस पानावर लागे. त्यांची स्वतःची दोन्ही मुले घरात हिंदीत भांडत. कुमुद वाढायला असे. गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर कुंकू. चेहरा शांत, बोलणे थोडे. चौकटीचे दोरे तीच बांधत असे. ते सैल पडत, तुटत. मोघे दाखवत आणि ती गाठ मारी.

त्या घरात काय चालले आहे, हे मला सुधावहिनींच्या एका वाक्याने कळले. चैत्रातल्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. सुधावहिनी सांगत होत्या, "करंडा घेऊन बाई एकेकीपुढे येते ना, तर कुमुदपुढे आली की हात जरासा थांबतो. लावते ती, नाही असं नाही. पण थांबतो. दर वर्षी थांबतो हो. मी बघते, आणि ती पण बघते."

ग्वाल्हेरच्या एका महिला विद्यालयात शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग होता. मामाने कुमुदसाठी दोनदा खटपट केली. विवाहित असेल तर नवऱ्याची संमती हवी होती. विधवा असेल तर तिच्यासाठी राखीव जागा होती. कुमुदला दोन्ही सांगता येत नव्हते.

बारा वर्षे झाली तेव्हा गणेशशास्त्री आले. ते मोघ्यांचे चुलतभाऊ, ब्रह्मा घाटावर राहणारे, कर्मकांडात अधिकारी. बारा वर्षे ज्याचा पत्ता नाही, त्याच्यासाठी शास्त्रात पालाशविधी आहे. पळसाच्या काड्यांचे शरीर रचायचे, त्याला अग्नी द्यायचा, पुढे दहावे, बारावे सगळे रीतसर. मी त्या वेळी ओसरीवर होतो.

"दादा, आता करून टाकू," शास्त्री म्हणाले. "वसंता अडकून पडलाय."

"कुठं अडकलाय? तू पाहिलास?"

"असं कुठं दिसतं का?"

"मग मोजलंस की मानलंस?"

गणेशशास्त्री शांत गृहस्थ होते. त्यांनी उपरणे सावरले. "शास्त्रानं मोजायला बारा वर्षं दिली, दादा. आमच्याकडेही हिशेब आहे. तुमच्या यंत्राला अजून किती हवीत?"

"तो गेला ह्याची नोंद नाही."

"आहे ह्याची आहे?"

"तीही नाही. म्हणूनच काही लिहायचं नाही. त्याच्या जागी मी शून्य घालणार नाही, गणेश. तू चहा घे."

शास्त्रींनी चहा घेतला. जाताना सुधावहिनींना एवढेच म्हणाले, "वहिनी, ह्यांना कोण सांगणार? आमच्या घराण्यात हट्ट वेदापेक्षा जुना आहे."

मोघ्यांना वाटत होते की ते दोन माणसांची राखण करत आहेत: भावाची, आणि त्याच्या बायकोच्या कपाळावरच्या कुंकवाची. त्यात त्यांना शंका नव्हती. नकाशातल्या प्रत्येक चौकोनाबद्दल शंका घेणाऱ्या माणसाची ही एकच गोष्ट तपासायची राहिली होती.

त्यानंतरच्या रविवारी चौकटीचा एक दोरा तुटला. जेवणे झाली होती. कुमुद ओसरीवर चौकट मांडीवर घेऊन बसली होती, मोघे समोर सुपारी कातरत होते. तिने गाठ मारता मारता विचारले, "दादा, एक विचारू?"

"विचार ना."

"ह्यातल्या एका चौकोनाची माहिती नाही. बाकी सगळ्यांची आहे. तर बेरीज काय येते?"

मोघ्यांना तो प्रश्न आवडला. "येत नाही. एक जरी माहीत नसेल तरी उत्तर 'माहिती नाही'. हाच तर लोकांचा घोटाळा होतो."

"बाकीचे सगळे बरोबर असले तरी?"

"तरी."

"मग तेच झालंय, दादा." तिने दोरा ताणून पाहिला. "तुमचे भाऊ कुठं आहेत, माहीत नाही. ठीक आहे. पण मी माहीत आहे ना? मी इथं बसले आहे. तुमच्या दोऱ्याला गाठ मारते आहे. माझी बेरीज का होत नाही?"

अडकित्ता थांबला.

"तुला वाटतं का, की तो…" मोघ्यांनी वाक्य पुरे केले नाही.

"मला काय वाटतं?" कुमुद म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "बारा वर्षांत आज विचारलंत. गणेशभावोजींनी नाही विचारलं, तुम्ही पण नाही. ते म्हणतात करू या, तुम्ही म्हणता नको. सगळ्यांचं आपसात चाललंय. त्या काळ्या चौकोनात मी राहते, दादा. यांचं काय झालं ते मला नाही माहीत. पण आता बस झालं."

तिने चौकट भिंतीला टेकवली आणि आत गेली. सुधावहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली आणि त्याही आत गेल्या. मोघे तुटलेल्या दोऱ्याचा तुकडा उचलून बोटाला गुंडाळत बसले. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाले, "गणेशकडे जाऊन येतो."

विधी मणिकर्णिकेला झाला. शास्त्रींनी दर्भाच्या आसनावर पळसाच्या काड्या मांडल्या. डोक्याला अमुक, मानेला अमुक, छातीला, हातांना, पायांना. प्रत्येक अवयवाची संख्या ठरलेली असते. हळूहळू जमिनीवर एका पुरुषाची आकृती दिसू लागली. मोघे वाकून पाहत होते. मग त्यांनी काड्या मोजायला सुरुवात केली.

"मी मोजल्यात, दादा," शास्त्री म्हणाले.

डोक्यापासून सुरुवात करून एकेक काडीवर बोट ठेवत, डावीकडून उजवीकडे, ओळीने मोघे पायांपर्यंत आले. "उजव्या पायाला एक कमी आहे."

शास्त्रींनी पुन्हा मोजले. एक कमी होती. त्यांनी एक काडी मोघ्यांच्या हातात दिली आणि मोघ्यांनी ती जागेवर ठेवली. तेवढे झाल्यावर त्यांचे खांदे हलू लागले. गणेशशास्त्री मंत्र थांबवून त्यांच्या शेजारी बसले. अग्नी दिल्यावर काड्या फार लवकर जळाल्या. पळसाचे शरीर ते, त्याला कितीसा वेळ लागणार.

कुमुद घाटावर आली नव्हती. सुधावहिनींनी नंतर सांगितले की तिने कोणाला हात लावू दिला नाही. नळाखाली स्वतःच कपाळ धुतले, बांगड्या न फोडता काढून ठेवल्या आणि भिंतीकडे तोंड करून दिवसभर रडली. बारा वर्षांत ती अशी रडलेली कोणी पाहिली नव्हती.

पावसाळ्यानंतर ती शिक्षिकांच्या त्या वर्गासाठी ग्वाल्हेरला गेली. तिला पोचवायला स्टेशनवर मीही होतो. ती वाकून नमस्कार करू लागली तेव्हा मोघ्यांनी पाय मागे घेतले. ती म्हणाली, "दोरे बांधणं सुधाताईंना शिकवलंय. पण त्या गाठ ढिली मारतात, लक्ष ठेवा." गाडी हलली. मोघे डब्याबरोबर चार पावले चालले आणि थांबले.

त्या हिवाळ्यात मी एकदा त्यांच्या संगणकाच्या खोलीत गेलो होतो. अभ्यासक्रमाची नवी तुकडी होती. पडद्यावर उंचीचा नकाशा आणि त्यात एक काळा चौकोन. एका तरुण अभियंत्याने विचारले, "सर, आजूबाजूच्या आठ चौकोनांवरून ह्याची उंची काढता येईल. भरू?"

पूर्वीचे मोघे काय म्हणाले असते, ते मला ठाऊक होते.

"भरा," मोघे म्हणाले. "काही काही कामं त्याशिवाय अडतात. लोकांची कामं असतात. पण शेजारी लिहून ठेवा, की हा मोजलेला नाही. मानलेला आहे."

त्यानंतर काही आठवड्यांत माझी बदलीची सूचना आली. माझा कार्यालयातला शेवटचा दिवस शनिवार होता. बेवारस मजकूर तयार होता. विधी झाल्यापासून मोघे आले नव्हते आणि आता ते येणार नाहीत, असे आम्ही धरून चाललो होतो. त्रिपाठीजींनी "आ रहे होंगे" म्हणणे केव्हाच सोडले होते.

दुपारी जिन्यावर पावले वाजली. मोघे विभागातूनच आले असावेत, काखेत चौकट होती. तिचा एक दोरा लोंबत होता. ती त्यांनी माझ्या टेबलाला टेकवली.

"आज काही?"

मी कागद पुढे केला. तीन मृतदेह होते. दोन पुरुष, एक स्त्री. मोघ्यांनी पहिल्या ओळीच्या डाव्या टोकावर बोट ठेवले. त्रिपाठीजींनी लिहिणे थांबवले. बोट उजवीकडे गेले, खाली उतरले, पुन्हा डावीकडून निघाले. स्त्रीचाही मजकूर त्यांनी पूर्ण वाचला.

मग कागद सरळ करून परत दिला.

"नाही," ते म्हणाले, आणि चौकट उचलून जिना उतरू लागले. चौकट रुंद होती आणि जिना अरुंद. ती भिंतीला लागू नये म्हणून ते आडवे होऊन, एकेक पायरी चाचपत खाली गेले.